‘हे खरे कशावरून?’ : नेतृत्व आणि चिकित्सक बुद्धी



नेतृत्व हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर व्यासपीठ, ओघवते वक्तृत्व आणि हारतुरे उभे राहतात. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या या पट्ट्यात नेतृत्वाची खरी कसोटी बहुधा सोसायटीच्या गच्चीवर भरलेल्या सभेत, पतपेढीच्या संचालकांच्या बैठकीत किंवा उत्सव मंडळाचा ताळेबंद मांडला जातो तेव्हा लागते. समोर एक कागद येतो, सर्वजण माना डोलावतात आणि त्या वेळी कोणीतरी ‘हे खरे कशावरून?’ एवढेच विचारायचे असते. तो प्रश्न विचारला जातो की गिळला जातो, यावर कित्येक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असते.

डोंबिवली परिसरातील पासष्ट इमारतींचे प्रकरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या. त्या सादर करून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवण्यात आले. नोंदणी क्रमांक आहे म्हणून लोकांनी सदनिका घेतल्या. त्याच कागदांच्या आधारे गृहकर्जेही मिळाली. एका वास्तुविशारदाने मूळ परवानग्यांचा माग काढला, २०२२ मध्ये हा प्रकार गाजला, विशेष तपास पथक नेमले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या आणि दरमहा हप्ते फेडणाऱ्या कुटुंबांवर आभाळ कोसळले.

यात सामान्य खरेदीदाराला दोष देणे अन्यायाचे होईल. शासनमान्य नोंदणी पाहून व्यवहार करणे हा त्याचा शहाणपणाच होता. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. साखळीतील प्रत्येक दुव्याने मागच्या दुव्यावर विश्वास ठेवला. प्रत्येकाने शिक्का पाहिला. तो शिक्का ज्या कार्यालयातून आला असे सांगितले जात होते, तेथे जाऊन विचारणे राहून गेले. पुढे महारेराने परवानगीची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याकडे पाऊल टाकले. म्हणजे शेवटी उपाय सापडला तो इतका साधा होता : उगमापाशी जाऊन विचारणे.

याच वृत्तीला चिकित्सक बुद्धी म्हणतात. मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्यकातही आहे आणि विचारातही, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. निष्णात वैद्य नाडी पाहिल्याविना मात्रा देत नाही आणि रोग्याविषयी आकस बाळगूनही नाडी पाहत नाही. चिकित्सा आणि संशय यांत हाच भेद आहे. संशयी माणसाने निष्कर्ष आधीच काढलेला असतो. चिकित्सकाला तो अजून काढायचा असतो. आपल्या शास्त्रपरंपरेत तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, तोही असा, की प्रतिपक्षाने ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे म्हणावे. त्यानंतरच उत्तरपक्षाचा अधिकार. समर्थांनीही दासबोधाच्या अकराव्या दशकात हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्यामागोमाग तिसरे स्थान दिले ते सर्व विषयांतील सावधपणाला आणि चौथे साक्षेपाला, म्हणजे उद्योगशीलतेला. सावधपणाविना उद्योग आंधळा होतो, हेच त्या क्रमातून सूचित होते.

या वृत्तीचा लोकजीवनातील आदर्श शोधण्यासाठी ठाणेकरांना दूर जावे लागत नाही. रामभाऊ म्हाळगी हे १९७७ आणि १९८० मध्ये ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्या काळी कल्याण आणि डोंबिवली याच मतदारसंघात होती. त्याआधी ते राज्याच्या विधिमंडळात होते आणि अभ्यासू प्रश्नकर्ते म्हणून त्यांची ख्याती होती. सभागृहात प्रश्न विचारणे वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात तारांकित प्रश्नाला मंत्र्याचे तोंडी उत्तर मिळते आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या उपप्रश्नांत होते. मंत्री काय उत्तर देतील, त्यातील कोणता भाग ग्राह्य आणि कोणता तोकडा, याचा विचार प्रश्नकर्त्याने आधीच केलेला असावा लागतो. म्हणजे प्रतिपक्षाची बाजू त्याला स्वतःच्या बाजूइतकीच ठाऊक हवी. आवाज चढवून हे साधत नाही. त्यासाठी कागद वाचावे लागतात.

तरीही रामभाऊंचा मोठेपणा सरकारला प्रश्न विचारण्याने पूर्ण होत नाही. ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. दुसऱ्याची झाडाझडती घेणारे पुष्कळ भेटतात. स्वतःचा हिशेब आपल्या हाताने लिहून लोकांपुढे ठेवणारा विरळा. ज्याला वर्षाअखेर काय झाले आणि काय राहिले हे लिहायचे असते, तो वर्षभर स्वतःच्या कामाकडेही परक्याच्या नजरेने पाहू लागतो. ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने लोकप्रतिनिधींना व कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी उभी राहिली. त्यांच्या स्मृतीला साजेसे असेच ते कार्य होते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतका विचार करत बसल्यास काम कधी होणार? आणीबाणीच्या क्षणी पुढाऱ्याने चर्चा करायची की आज्ञा द्यायची? आक्षेप रास्त आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजारांहून अधिक प्रवासी होते. चहूकडे पाणी वाढत असताना उतरून चालू लागावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु प्रवाशांना गाडीतच थांबण्यास सांगण्यात आले. रूळ आणि भराव पाण्याखाली गेल्यावर पाऊल कोठे पडेल याचा भरवसा नसतो. डबा निदान दिसत तरी होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकरी यांच्या मदतीने सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. अशा प्रसंगी घाबरलेल्या मनाची पहिली ऊर्मी कोणती आणि प्रत्यक्ष परिस्थिती काय, हा भेद क्षणात करावा लागतो. ज्यांना शांततेच्या काळात या विचाराची सवय असते, त्यांनाच तो संकटात करता येतो. चिकित्सा निर्णयाला उशीर लावत नाही. ती निर्णय घेणाऱ्याची तयारी आधीच करून ठेवते.

ही सवय लागावी कशी? त्यासाठी मोठ्या ग्रंथांची आवश्यकता नाही. पुनर्विकासाचा प्रस्ताव सभेपुढे आला, तर एका जाणत्या सभासदावर प्रस्तावाच्या विरुद्ध बाजू मांडण्याची जबाबदारी मुद्दाम सोपवावी, म्हणजे विरोध हा वैर ठरत नाही. विकासकाने दिलेल्या परवानगीच्या प्रती घेऊन दोघांनी महापालिकेच्या नगररचना विभागात जावे आणि जमिनीचे उतारे स्वतः काढावेत. इतिवृत्तात निर्णयाबरोबर त्याची कारणेही लिहावीत. सहा महिन्यांनी ती पुन्हा वाचावीत. आणि प्रमुखाने आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. अध्यक्ष आधी बोलले की अर्धी सभा तेथेच संपते.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. संघटनेत निष्ठा हा मोठा गुण मानला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु निष्ठा म्हणजे होयबा होणे, असा समज रुजला की संघटना आतून पोकळ होऊ लागते. ज्येष्ठाला नम्रपणे ‘अण्णा, हा आकडा जुळत नाही’ असे सांगणारा तरुण कार्यकर्ता त्या ज्येष्ठाचा अवमान करत नसतो. तो त्याला उद्याच्या लाजिरवाण्या प्रसंगातून वाचवत असतो. त्या तरुणाला खाली बसवायचे की कागद हाती घेऊन त्याच्या शेजारी बसायचे, हे ज्येष्ठाने ठरवायचे असते.

डोंबिवलीतील त्या कुटुंबांच्या घरी सर्व कागद एका फायलीत नीट लावून ठेवलेले असतील. त्यांतला पहिलाच कागद खोटा होता. पुढच्या सभेत असा एखादा कागद समोर येईल, तेव्हा त्याच्या उगमापर्यंत जाण्याचे कष्ट घेणारी दोन माणसे तरी प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक मंडळात उभी राहोत, एवढीच अपेक्षा.