व्हर्च्युअल डिस्कवरील लगाम आणि त्याची कसोटी

एका मोठ्या संगणकाच्या पोटांत अनेक लहान संगणक नांदूं शकतात, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. बँकेच्या, शाळेच्या अगर दवाखान्याच्या ज्या नोंदींशीं सुशिक्षित घरांचा रोज संबंध येतो, त्यांपैकीं पुष्कळ नोंदी अशाच एखाद्या पोटसंगणकांत असतात. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची डिस्क ही बहुधा खरी डिस्क नसतेच. मोठ्या संगणकावरील ती एक फाईल असते. पाहुण्या यंत्राला मात्र ती आपली स्वतंत्र डिस्क वाटते, आणि हा भ्रम टिकविण्यांतच सारी खुबी आहे. फ्रेंच अभियंता फाब्रिस बेलार यानें २००३ सालीं पुढें आणलेला ‘क्यूईएमयू’ हा असा संसार चालविणारा एक विख्यात प्रोग्रॅम होय.

संसार एकत्र म्हटला कीं तंटेहि आले. चाळींतील एका टाकीवर दहा बिऱ्हाडें असावीं आणि त्यांतील एकानें पहांटेपासून नळ मोकळा सोडावा, तशी अवस्था येथें होते. एक यंत्र रात्रीं आपल्या साऱ्या फायलींची नक्कल करूं लागलें, कीं शेजारच्या यंत्रांतील रुग्णाची नोंद उघडावयास विलंब लागतो; आणि त्या बिचाऱ्यास कारणहि कळत नाहीं, कारण आपणांस शेजारी आहे हेंच त्याला ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक डिस्कला मर्यादा घालून देतात. ती दोन जातींची: सेकंदाला किती बाइट, आणि सेकंदाला किती मागण्या. प्रत्येक जात पुन्हां वाचनाची, लेखनाची व दोहोंची मिळून, अशी तीन प्रकारची. म्हणजे एकूण सहा. एकाच जातींत एकत्र व वेगळी अशा दोन्ही मर्यादा लावूं गेल्यास प्रोग्रॅम तें साफ नाकारतो.

ही मर्यादा पाळली कशी जाते, हें समजण्यास शिवपिंडीवरील गळती डोळ्यांपुढें आणावी. पात्रांतून पाणी ठराविक वेगानें ठिबकत असतें. प्रत्येक मागणी म्हणजे पात्रांत ओतलेलें पाणी. पात्र भरलेलें असेल तर पुढची मागणी थोपविली जाते; पुरेसें पाणी गळून गेलें कीं तिला वाट मिळते. पात्र मोठें ठेवलें तर घटकाभर झपाट्यानेंहि ओततां येतें, पण शेवटीं वेग गळतीचाच. नुसती मागण्यांची संख्या मोजावयाची म्हटली, तर चतुर पाहुणा घागरीऐवजीं हंडा घेऊन येईल! त्यावरहि तोड आहे. ४०९६ बाइट हें माप ठरविलें, तर ८१९२ बाइटांची मागणी दोन धरली जाते आणि ६१४४ बाइटांची दीड.

परंतु नियम लिहिला म्हणजे तो पाळला जातो, असें शाळेंतील नव्या मास्तराशिवाय कोणी मानीत नाहीं. परीक्षा घ्यावी लागते, आणि येथील परीक्षा दिसते तितकी सोपी नाहीं. पाहुण्या यंत्रांत एक मोठी फाईल लिहून घड्याळ पाहिलें, तर पुष्कळदां ती क्षणांत लिहिलेली दिसते. मर्यादा मोडली असा ग्रह होतो. वास्तविक त्या यंत्रानें मजकूर तूर्त आपल्या स्मृतींत ठेवलेला असतो, डिस्ककडे तो सावकाश जातो. तीच फाईल दुसऱ्यांदा वाचली तर ती डिस्कला न शिवतां स्मृतींतूनच येते. म्हणून येन्स आक्सबो याच्या ‘फायो’सारख्या साधनानें, स्मृतीला वगळून, थेट डिस्ककडे मागण्या धाडाव्या लागतात. याहून फसवी गोष्ट निराळीच आहे. खालची खरी डिस्कच मर्यादेपेक्षां मंद असेल, तर लगाम मुळींच बसविलेला नसतांहि परीक्षेंत तो उत्तीर्ण होतो.

क्यूईएमयूच्या कर्त्यांनीं या सर्व अडचणींवर जो उपाय योजला, तो खरोखर वाखाणण्याजोगा आहे. त्यांच्या संग्रहांत ९३ क्रमांकाची एक कसोटी आहे. तिच्यावर २०१५ हें साल आहे. तिनें खरी डिस्कच काढून टाकली. तिच्या जागीं एक शून्य डिस्क ठेवली. ती कांहींच साठवीत नाहीं, त्यामुळें मंदपणाचा प्रश्नच उरत नाहीं. घड्याळहि कृत्रिम ठेवलें. हुकूम दिला कीं पांच सेकंद पुढें जातें. मग सहा मर्यादा एकेक करून तपासावयाच्या. समजा, वाचनाची मर्यादा सेकंदास ४०९६ बाइट आहे. पांच सेकंदांत २०४८० बाइट, म्हणजे ५१२ बाइटांच्या ४० मागण्या पुऱ्या व्हावयास हव्यात. कसोटी मुद्दाम दुप्पट, ८० मागण्या धाडते, घड्याळ पुढें ढकलते आणि हिशेब पाहते. दहा टक्के चूकभूल माफ. आंकडा २२५२८ च्या आंत हवा, तसाच १८४३२ च्या वरहि हवा. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. कबूल केलेलें पाणी न देणारा नळहि नापासच ठरावयास पाहिजे.

अनेक डिस्कांचा एक गट करून सर्वांना मिळून एक मर्यादा देतां येते. सर्व डिस्का काम करीत असतील तर वांटणी सारखी झाली पाहिजे. बाकीच्या स्वस्थ असतील तर काम करणाऱ्या एकीला सगळा वांटा मिळाला पाहिजे. कसोटी दोन्ही पाहते.

खरा पेंच पुढें आहे. गटांत दोन डिस्का आहेत आणि मर्यादा सेकंदास ४ किलोबाइट वाचनाची आहे. पहिलीनें ४ किलोबाइट वाचले. तें तत्काळ झालें. तिची पुढची मागणी अडली, आणि तिला वेळेवर जागें करण्यासाठीं एक गजर लावला गेला. तिचीच आणखी एक मागणी आली, तीहि अडली. नंतर दुसऱ्या डिस्कची मागणी अडली. तिच्यासाठीं निराळा गजर लागत नाहीं, कारण गटाचा एक गजर पहिलीपाशीं आहेच. अशा वेळीं पहिली डिस्क गटांतून काढली तर? तिचा लगाम सुटतो, तिच्या दोन्ही अडलेल्या मागण्या पुऱ्या होतात. पण गजर तिच्याबरोबर गेला आणि मागें कोणी नवा लावला नाहीं, तर दुसरीची मागणी कायमची झोपेल, आणि त्या यंत्रापुढें बसलेल्या माणसाला नुसता थिजलेला पडदा दिसेल. कसोटी नेमकी हीच स्थिति उभी करते, पहिली डिस्क काढते, दुसरीची मागणी अद्याप अडलेलीच आहे हें पाहून घेते, घड्याळ पांच सेकंद पुढें ढकलते, आणि ती मागणी पुरी झाली कीं नाहीं तें तपासते.