खिडकीसमोरचा गोल



पूर्व लंडनमधला स्ट्रॅटफर्ड हा भाग २०१२ च्या ऑलिंपिकमुळे जगाला माहीत झाला. तिथे पावणेपाच एकरांच्या आसपासची एक मोकळी जागा आहे. ऑलिंपिकच्या वेळी तिथे बसगाड्या उभ्या राहत. कडेने रेल्वेचे रूळ जातात आणि रुळांपलीकडे लोकांची घरं आहेत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या कंपनीने तिथे साडेएकवीस हजार प्रेक्षकांचं गोल सभागृह बांधायचं ठरवलं. उंची सुमारे ९० मीटर. परवानगीचा अर्ज २०१९ मध्ये दाखल झाला.

नुसतं सभागृह असतं तर वाद आवाजाचा आणि गर्दीचा झाला असता. पण या गोलाचं बाहेरचं अंगच एक पडदा होतं. ते सगळं एलईडी दिव्यांनी मढवलेलं असणार होतं आणि त्यावर हलती चित्रं नि जाहिराती दिसणार होत्या. असाच गोल याच कंपनीने लास वेगासमध्ये उभा केला आणि तो सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तिथे भोवती हॉटेलं आणि जुगारघरं आहेत, लोक रात्र जागवायलाच येतात. स्ट्रॅटफर्डमध्ये मुलांना सकाळी शाळा असते.

रहिवाशांनी विचारलं, या उजेडात आम्ही झोपायचं कसं? कंपनीची एक तयारी अशी होती, की ज्यांना त्रास होईल त्यांना उजेड अडवणारे जाड पडदे देऊ.

हे वाचल्यापासून ते पडदे माझ्या मनातून जात नाहीत. दिवा त्यांचा, जाहिरात त्यांची, मिळकतही त्यांची. आणि खिडकी मात्र मी बंद करायची. घर घेताना माणूस भिंतींबरोबर थोडं आकाशही घेतो, संध्याकाळी अंधारून येणंही घेतो. खरेदीखतात त्याची नोंद नसते, म्हणून ते कुणाचंच नाही असं कसं म्हणता येईल?

मार्च २०२२ मध्ये परवानगी मिळालीसुद्धा. ती दिली ऑलिंपिकनंतरच्या विकासासाठी नेमलेल्या महामंडळाने. तिथल्या लोकांनी निवडून दिलेल्या न्यूहॅम कौन्सिलचा तर विरोध होता. प्रकरण महापौर सादिक खान यांच्याकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी नकार दिला. घरांवर पडणारा उजेड, इमारतीचा बोजड आकार आणि विजेचा वापर ही त्यांची मुख्य कारणं होती. केंद्रीय मंत्री मायकेल गोव्ह यांनी फेरविचारासाठी तो निर्णय थांबवून धरला. पण जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच प्रस्ताव मागे घेतला. विरोध करणाऱ्यांत ओ-टू हे लंडनमधलं दुसरं मोठं सभागृह चालवणारी कंपनीही होती. तिचा हेतू धंद्याचा असेल; पण त्यामुळे रहिवाशांचं म्हणणं हलकं होत नाही.

नाटकं-मैफिलींवर माझं फार प्रेम आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात एक तत्त्व आहे. जो नव्याने येतो, त्याच्या येण्याने होणारा त्रास त्यानेच निस्तरायचा. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत उठली, तर आवाज अडवणाऱ्या खिडक्यांचा खर्च बिल्डरने करायचा. मागून आलेल्यांनी गाणं बंद पाडायचं नाही. मला हे न्याय्य वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं. स्ट्रॅटफर्डमध्ये घरं आधी होती.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आकडे स्पष्ट आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५. आवाज मोजता तरी येतो. खिडकीवर येऊन पडणाऱ्या झोताला मात्र असा आकडाच ठरलेला नाही.

माझी आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा आमच्या इमारतीला लागून एक लॉन सुरू झालं. लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत ढोल, आणि कमानीवरचा प्रखर झोत थेट तिच्या उशीवर. मी खाली जाऊन हात जोडले. फाटकावरचा माणूस चांगला होता, त्याने मला बसायला खुर्चीसुद्धा दिली. पण त्याचं एकच म्हणणं होतं, "ताई, परवानगी आहे." वर येऊन मी खिडकीला जुनी सोलापुरी चादर बांधली. आई म्हणाली, "वारा पण गेला गं."

ती गेल्यावर मी नगररचना कार्यालयात जाऊन त्या परवानगीचे कागद पाहिले. तो भूखंड काही वर्षांपूर्वी निवासी विभागातून वाणिज्य विभागात गेला होता. नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे त्याची सूचना वर्तमानपत्रात आली होती आणि हरकती घ्यायला एक महिन्याची मुदत होती. ते वर्तमानपत्र आमच्याकडे रोज येत असे. आमच्या इमारतीत ४२ कुटुंबं राहतात. फाइलमध्ये 'प्राप्त हरकती' असा एक रकाना होता आणि त्याच्यापुढे निळ्या शाईने लिहिलं होतं: निरंक.