छातीचा फोटो आणि यंत्राचा आकडा

2019 ते 2021 या काळात भारतात क्षयरोगाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. पंधरा वर्षांवरील लोकांना खोकला, ताप, घटलेले वजन यांविषयी विचारले गेले आणि त्याबरोबर छातीचा क्ष-किरण फोटोही काढला गेला. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. फोटो काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण निसटले असते. लक्षणांच्या प्रश्नांना त्यांच्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते, पण फुप्फुसात रोग होता.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. तेव्हा फोटो काढायचे तर लाखोंनी काढावे लागतील. ते वाचायचे कुणी?

रॉन्टगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधले, पण छातीचा फोटो वाचण्याचे काम आजही अवघडच आहे. क्षयाचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात आणि नेमकी तिथेच बरगड्या व गळ्याजवळच्या हाडाची सावली पडते. जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात अमेरिकेत अनुभवी डॉक्टरांना फिल्म वाचायला दिल्या. त्यांची मते एकमेकांशी जुळली नाहीतच, शिवाय तीच फिल्म काही काळाने पुन्हा समोर आली तेव्हा अनेकांनी स्वतःचेच आधीचे निदान बदलले. डोळ्यांनी वाचण्याची ही मर्यादा जुनी आहे. त्यात तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट मिळणे मुश्कील.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 मध्ये 30,805 रुग्णांच्या 1,12,120 छातीच्या प्रतिमा संशोधकांसाठी खुल्या केल्या. प्रत्येक प्रतिमेसोबत न्यूमोनिया, पाणी साचणे, गाठ अशा नोंदी होत्या. संगणक एक प्रतिमा पाहतो, अंदाज करतो, नोंदीशी ताडतो आणि चूक निघाली की आतले लाखो आकडे थोडे थोडे बदलतो. असे लाखो वेळा झाले की कोणत्या छटेचा कोणत्या रोगाशी संबंध आहे हे त्याला उमगू लागते. क्षयरोगासाठी याच मार्गाने नेदरलँड्समध्ये ‘कॅड-फोर-टीबी’, दक्षिण कोरियात ‘ल्युनिट’ आणि मुंबईत ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीची ‘क्यूएक्सआर’ अशा प्रणाली तयार झाल्या.

त्यांची मोठी कसोटी लागली ढाक्यात. 2014 ते 2016 दरम्यान तिथल्या तपासणी केंद्रांवर आलेल्या 23,954 जणांचे फोटो पाच प्रणालींना दिले गेले आणि तेच फोटो बांगलादेशातील तीन रेडिओलॉजिस्टनीही वाचले. खरे-खोटे ठरवायला थुंकीच्या जनुकीय चाचणीचा निकाल हाताशी होता. 2021 मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले: पाचही प्रणाली त्या वाचकांपेक्षा सरस ठरल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांसाठी, क्षयाच्या प्राथमिक तपासणीत माणसाऐवजी अशी प्रणाली वापरायला मान्यता दिली. लहान मुले या शिफारशीत नाहीत.

आता गावातल्या शिबिरात काय घडते ते पाहू. अवघ्या साडेतीन किलोचे एक्स-रे यंत्र तिवईवर असते. समोर पाटीसारखा सपाट डिटेक्टर. माणूस त्याला छाती टेकवून उभा राहतो, तंत्रज्ञ “श्वास घ्या, रोखून धरा” म्हणतो, बटण दाबले जाते. थोड्याच वेळात लॅपटॉपवर फोटो उमटतो, संशयाच्या जागेवर लालसर छटा येते आणि बाजूला एक आकडा दिसतो, समजा 0.62.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे. 0.5 च्या वर गेलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासायची की 0.7 च्या वर गेलेल्यांची, हे माणसांनी ठरवायचे असते. रेषा खाली आणली तर रुग्ण कमी निसटतात, पण निरोगी माणसे जास्त अडकतात. वर नेली तर उलट. यंत्राचे काम चाळणीचे आहे, आणि चाळणीची भोके केवढी ठेवायची याचा निर्णय यंत्र घेत नाही.

हिशेब मांडून पाहू. अशा चाचणीने शंभरातले नव्वद रुग्ण पकडावेत आणि शंभरातल्या सत्तर निरोगी माणसांना सोडून द्यावे, असे लक्ष्य जागतिक आरोग्य संघटनेने ठेवले आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार लाखामागे साधारण 316 रुग्ण असतात. म्हणजे एक लाख फोटोंमागे 284 रुग्ण सापडतील, 32 निसटतील आणि सुमारे तीस हजार निरोगी लोकांवर संशयाचा शिक्का बसेल. म्हणून सरसकट साऱ्या गावाला रांगेत उभे करण्यापेक्षा रुग्णाच्या घरातली माणसे, मधुमेही, कुपोषित आणि खाणींत किंवा दगडफोडीवर राबणारे मजूर यांच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. तिथे रोगाचे प्रमाण जास्त, त्यामुळे त्याच आकड्याला वजन येते.

यंत्र फसतेही, आणि कसे फसते हे समजून घ्यायला हवे. 2018 मध्ये अमेरिकी संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली. फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे ती जवळजवळ अचूक ओळखत होती आणि जिथे न्यूमोनिया जास्त तिथले फोटो म्हटले की संशय वाढवत होती. त्यात फोटोच्या कोपऱ्यात तंत्रज्ञ ठेवतात त्या धातूच्या खुणेचाही आधार ती घेत होती. दुसऱ्या रुग्णालयाचे फोटो आले की तिची हुशारी घटली. कोविडच्या काळात तर काही संशोधकांनी आजारी प्रौढांच्या शेजारी निरोगी म्हणून लहान मुलांचे फोटो ठेवले. प्रणाली वयातला फरक शिकली, रोग नव्हे. ढाक्यातही साठीपुढच्या आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्या लोकांत अचूकता कमी भरली, कारण बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण फोटोत राहतोच.

फोटोनंतर थुंकी. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते आणि जंतू आहे की नाही हे तासाभरात सांगते. निदान पक्के झाले की नेहमीच्या क्षयासाठी किमान सहा महिने गोळ्या. पोषणासाठी सरकार नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये देते. आधी 500 होते. या साखळीत ट्रूनॅट चाचणीला लागणारी चिप संपली, गोळ्या संपल्या किंवा पैसे वेळेवर आले नाहीत, तर सॉफ्टवेअर कितीही तल्लख असले तरी रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेपासून एआय जोडलेली हातात धरता येणारी यंत्रे गावोगाव पोहोचू लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र शिबिराच्या बातमीत बहुधा किती फोटो काढले एवढेच छापून येते. त्यापुढचे चार आकडेही जाहीर व्हायला हवेत: यंत्राने किती जणांवर बोट ठेवले, त्यांतल्या किती जणांची थुंकी खरोखर तपासली, किती जणांत क्षय निघाला आणि किती जणांचे औषध सुरू झाले. क्षयमुक्त पंचायतीचा उपक्रम 2023 पासून चालू आहे, त्यामुळे हे आकडे विचारायला ग्रामसभेइतकी योग्य जागा नाही. पुढच्या शिबिरानंतर ते तिथे वाचून दाखवण्याचा आग्रह प्रत्येक सरपंचाने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे धरावा.