शक्ती वाढवण्याआधी पोलाद : बेल हाउसिंगची गोष्ट
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गणपतीत नाट्यगीतं होतात, पाककृती होतात, आरोग्यावर व्याख्यानं होतात. या वर्षी तरुण मंडळींनी आग्रह धरला की एकदा मोटारींवर बोला. आग्रह योग्यच आहे. आपण राहतो ते शहर मोटारींचं. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलै नगर या पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी घरांची भाकरी मोटारीच्या कारखान्यावर चालली आहे. शर्यतींचंही हे जुनं गाव. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. शहराच्या उत्तरेला शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली हवाईपट्टी होती, तिच्यावर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या आणि त्या पाहायला लोकांची झुंबड उडायची. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक सुरू झाला. २०२४ मध्ये तर आयलंड ग्राउंडच्या भोवती शहराच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. अशा गावात वाढलेल्या मुलांना गाडीची शक्ती वाढवण्याची हौस असणारच. त्या हौसेला माझा विरोध नाही. पण हौस करताना खर्चाच्या यादीत जी वस्तू सगळ्यात शेवटी येते, किंवा येतच नाही, तिच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. ती म्हणजे बेल हाउसिंग.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये घंटेच्या आकाराचं एक ओतीव आवरण असतं, ते बेल हाउसिंग. त्याच्या पोटात इंजिनाच्या शेपटाला बोल्ट केलेलं फ्लायव्हील, त्यावर प्रेशर प्लेट आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट फिरत असते. कंपनीतून येणारं बेल हाउसिंग बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचं असतं. त्याचं काम गिअरबॉक्सला धरून ठेवायचं आणि धूळ-पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच. आत काही फुटलं तर ते अडवण्यासाठी ते बनवलेलं नसतं.

आता थोडा हिशेब करू. दहा किलो वजनाचं, २८ सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील घ्या आणि ते मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरवा. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १०३ मीटर होतो, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर. गाडी जागेवर उभी असली तरी तिच्या पोटातलं ते चाक विमानाच्या वेगानं फिरत असतं. त्यात साठलेली ऊर्जा सुमारे २६,००० ज्यूल. एक टनाची मोटार अडीच मीटर वर उचलायला एवढीच लागते. हे चाक फुटलं आणि त्याचा अर्धा किलोचा तुकडा सुटला, तर त्याच्या अंगात सैनिकी रायफलीच्या गोळीइतका जोर असतो. गोळी लहान आणि गुळगुळीत असते, हा तुकडा ओबडधोबड आणि धारदार असतो, एवढाच फरक. आणि गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना कोण असतं? चालकाचे आणि शेजारी बसलेल्याचे पाय.

कोणी विचारेल, चाक फुटेल कशाला? कारणं साधी असतात. कंपनीचं फ्लायव्हील पुष्कळदा बिडाचं असतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना बीड काय चीज आहे ते सांगायला नको. दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. वेगानं फिरताना फ्लायव्हीलवर येतो तो ताणच, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की ताण चौपट. त्यात जोरात सुटण्यासाठी वारंवार क्लच घसरवला की पृष्ठभाग तापून त्याला केसासारख्या भेगा पडतात. मग कोणीतरी लेथवर फेसिंग मारून भेगा 'घालवतो'. वरची भेग जाते, खोल गेलेली राहते, आणि चाकही पातळ होतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जाताना घाईत दांडा दुसऱ्यात पडतो. समजा तिसऱ्याचं प्रमाण १.३ आणि दुसऱ्याचं १.९५ आहे. तिसऱ्यात ६,५०० फेरे चालू असतील, तर दुसऱ्यात पडताच क्लच प्लेटला चाकांकडून ९,७५० फेरे मिळतात. ताण सव्वादोन पट. आमच्या गाडीला रेव्ह लिमिटर आहे, असं मुलं म्हणतात. तो इंजिनाचं इंधन किंवा ठिणगी तोडतो. इथे इंजिन चाकांना फिरवत नसतं, चाकं इंजिनाला फिरवत असतात. लिमिटर तिथे काय करणार? क्लच दाबलेला असला तरी प्लेट वाचत नाही, कारण ती गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि गिअरबॉक्स चाकांना.

हे धडे अमेरिकेत रक्त सांडून शिकले गेले. तिथे पाव मैलाच्या सरळ शर्यती लोकप्रिय झाल्या आणि इंजिनांची शक्ती वाढली, तसे क्लच आणि फ्लायव्हील फुटायला लागले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला आणि एक प्रेक्षकही गंभीर जखमी झाला. गार्लिट्स यांनी दवाखान्यातून परतल्यावर इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये तिच्यावर विजय मिळवले, आणि त्या वर्गातल्या सगळ्या गाड्यांची घडणच बदलली. फिरणारे भाग पायांमध्ये ठेवायचे नाहीत, हा त्याचा अर्थ.

पण रस्त्यावरच्या गाडीत इंजिन पुढेच राहणार. तिथे उपाय म्हणजे पोलादी बेल हाउसिंग. जाड पोलादी पत्र्याला प्रचंड दाबानं आकार देऊन ते बनवतात. फुटलेला तुकडा आतून आदळला की पोलाद फुगतं, वाकतं, पण फाटत नाही. अॅल्युमिनियमचं ओतीव आवरण त्याच धक्क्यानं स्वतःच तुकडे होऊन उडतं. अमेरिकेत एसएफआय ही संस्था १९७८ पासून अशा भागांची मानकं ठरवते, आणि क्लचची गाडी पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापत असेल तर मानकाचं फ्लायव्हील, क्लच आणि कवच सक्तीचं आहे.

आपल्याकडे अडचण निराळी. काँटेसा, जीप, जिप्सी अशा मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत बेल हाउसिंगच्या जागी पोलादी कवच बसवण्याचा विचार करता येतो. पण लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० च्या दशकात ज्या ड्रॅग शर्यती भरू लागल्या, तिथे दिसणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि बेल हाउसिंग गिअरबॉक्सच्या आवरणाबरोबर एकत्रच ओतलेलं असतं. ते बदलता येत नाही. शिवाय आडव्या इंजिनात फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभं फिरतं, म्हणजे तुकडे वर बॉनेटकडे, पुढे रेडिएटरकडे आणि मागे थेट आपल्या बैठकीकडे जातात. तिथे सुमारे सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचा कमरपट्टा बेल हाउसिंगभोवती घालतात. अॅक्सल बाहेर येतो तेवढीच जागा मोकळी ठेवायची. पट्टा इंजिन-गिअरबॉक्सच्या बोल्टांना धरलेला हवा.

आता बसवण्याबद्दल. इथे मिस्त्रीची कसोटी लागते. नवं कवच इंजिनाच्या मागच्या दोन डॉवेलवर बसतं, पण त्याचं मधलं भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळेलच असं नाही. म्हणून फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, टोक भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचा. काट्याचा एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. मध्य सरकलेला असतो तो या फरकाच्या निम्मा. जास्त आला तर सरकत्या मध्याचे डॉवेल मिळतात, ते फिरवून जुळवायचं. मग गेज मागच्या सपाट तोंडावर लावून तेही समांतर आहे का ते बघायचं. कवचाबरोबर ब्लॉकमागे पोलादी पत्रा येत असेल तर तो वगळायचा नाही, तो पुढची बाजू झाकतो. त्याच्या जाडीमुळे स्टार्टरचा दात आणि रिलीज बेअरिंगचं अंतर बदलतं, तेही तपासायचं. बोल्ट १०.९ ग्रेडचे, आटे पूर्ण बसलेले. फ्लोअरला लागतं म्हणून कवच घासायचं नाही, भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. जागा करायची ती फ्लोअरमध्ये.

हे सगळं कशासाठी? मध्य जुळला नाही तर गिअर नीट पडत नाहीत, बेअरिंगं लवकर जातात आणि क्लच प्लेटच्या मधल्या भागाला प्रत्येक फेऱ्याला मुरड पडते. रिव्हेट थकतात आणि प्लेट तुटते. म्हणजे ज्या अपघातापासून वाचायला कवच आणलं, तोच अपघात वाकडं बसवलेलं कवच ओढवून आणतं. म्हणून घाईचा मिस्त्री नको, गेज वापरणारा हवा.

तरुण मित्रांना माझं सांगणं क्रमाबद्दल आहे. टर्बो आणि संगणकाची नवी ट्यूनिंग यांच्या आधी पोलादी फ्लायव्हील, योग्य क्षमतेचा क्लच आणि कवच घ्या. पैसे तिन्हींना पुरत नसतील तर शक्ती वाढवणं पुढच्या वर्षावर टाका. डायनोचा आकडा मित्रांना दाखवता येतो, कवच कोणाला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि अशी गाडी ट्रॅकवर न्या, ईस्ट कोस्ट रोडवर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्याहून मोठी गोष्ट ही की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं तुमच्या हौसेला संमती दिलेली नसते.

ज्यांना शर्यतींशी देणंघेणं नाही अशा वडीलधाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. यरकौडचा वीस वळणांचा घाट असो की आपला खंबाटकी, खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी उतारावर सोडू नका. चौथ्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन २,५०० फेरे घेत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबलेल्या गाडीची प्लेट त्याच वेगाला ९,००० च्या आसपास फिरू शकते. इंजिन शांत असतं, म्हणून कळतही नाही. गिअरमध्ये असाल तर क्लचवरून पाय काढा, इंजिनाला गाडी धरू द्या.

बाप्पा विघ्नहर्ता आहेच. पण डायल गेज त्याला लावायला सांगू नये, तो आपणच लावावा. एवढं बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!