खुरप्याशिवाय निदान नाही



 पदवीदान समारंभात पाहुण्याने मोठमोठ्या गोष्टी बोलाव्यात, अशी रीत आहे. मी मात्र नुसत्या डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या एका जिवाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे सोयाबीनच्या मुळांवरचा सूत्रकृमी. धाराशिव जिल्ह्याचं खरिपाचं अर्थकारण सोयाबीनवर चालतं, आणि आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकांची पहिली परीक्षा याच पिकात होणार आहे.

ती कशी होईल, सांगतो. ऑगस्टात पावसाचा खंड पडलेला असेल. तुम्ही कृषी सेवा केंद्रात बसला असाल. कळंब-वाशीकडचा एखादा शेतकरी मोबाइलवर फोटो दाखवून विचारेल, "साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय. काय मारू?" चिलेटेड लोह, एकोणीस-एकोणीस-एकोणीस, पांढऱ्या माशीचं औषध ही नावं तुमच्या जिभेवर तयार असतील. पुष्कळदा ती बरोबरही ठरतील. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, तेव्हा कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे येतात. चिबड रानात मुळं गुदमरतात. पण रानात मध्येच एखादा तुकडा खुजा राहिला, भर दुपारी तेवढ्याच तुकड्याने माना टाकल्या आणि तो पट्टा मशागतीच्या दिशेने लांबत गेलेला दिसला, तर शंका मुळावर घ्यायची. तिथे फोटो कामाचा नाही. तिथे खुरपं घेऊन जावं लागतं.

झाड उपटू नका, बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात. वीतभर खोल खणून मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवा. आता दोन प्रकारच्या गाठी दिसू शकतात. एक मुळाच्या कडेला चिकटलेली. अंगठ्याने घासली की सुटते, नखाने फोडली की आत गुलाबी. ती रायझोबियमची, पिकाला नत्र पुरवणारी. दुसऱ्या प्रकारात मूळच जागोजाग फुगलेलं असतं. ती गाठ घासून निघत नाही. ती सूत्रकृमीची. हा फरक ज्याला कळत नाही, तो रोगट पीक पाहून शेतकऱ्याला "गाठी भरपूर आहेत" म्हणून शाबासकी देऊन येईल!

आत काय घडतं, ते तुम्ही शिकला आहात. अंड्यातून निघालेलं पिल्लू मुळाच्या टोकापाशी आत शिरतं आणि आपल्या स्रावाने तिथल्या पेशी राक्षसी आकाराच्या करून घेतं. मग झाड त्यालाच पोसत बसतं. एकेक मादी शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते, म्हणजे शंभर दिवसांच्या सोयाबीनमध्ये तीन पिढ्या. पाणी वर चढत नाही, नत्राच्या गाठी घटतात, जखमांतून बुरशी शिरते. शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो आणि बॅगेला पडणारे कट्टे कमी होतात.

आपल्या जिल्ह्यात रानाप्रमाणे शत्रू बदलतो. बालाघाटाच्या उतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनी गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला मानवतात. भारी जमिनीत मूत्रपिंडाच्या आकाराचा दुसरा सूत्रकृमी टिकाव धरतो. त्याची गाठच येत नाही. अंड्यांच्या चिकट पुंजक्यांना मातीचे कण धरून राहतात, म्हणून मूळ धुतलं तरी मळकट दिसतं. सोयाबीन, त्यात तुरीचं आंतरपीक आणि मागून हरभरा, ही तिन्ही पिकं त्याला चालतात. ज्वारीवर मात्र त्याची वाढ फारशी होत नाही. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी मागे पडली, तसा त्याच्या वाटेतला हा अडसरही मागे पडला. डाळिंबाची बाग लावतानाही जपा. गाठी करणारा सूत्रकृमी रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून सहज प्रवास करतो.

एकाच गोष्टीवर विसंबलं की काय होतं, हे अमेरिकेकडे पाहून कळेल. तिथे सोयाबीनवर पुटी करणारा सूत्रकृमी 1954 साली नॉर्थ कॅरोलायनात सापडला. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या बहुतेक प्रतिकारक वाणांत पीआय 88788 या एकाच वाणाचा प्रतिकार उतरवलेला होता. वर्षानुवर्षं तेच पेरलं गेलं आणि सूत्रकृमी त्याला सरावले. वाण असो, पीक असो की औषध, फेरपालट सोडली की शत्रू शिकतो.

शेतकरी उपाय विचारेल. तेव्हा स्पष्ट सांगा की उभ्या पिकात मुळातली गाठ फवारून विरघळत नाही. फोरेटचं नाव अजून कुणाच्या तोंडी येईल, पण त्यावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. खरं काम पुढच्या हंगामाचं आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्यायचं, रब्बीत शाळू आणायचा, भाजीपाल्याच्या रानात झेंडू घ्यायचा, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा शेणखतातून द्यायचं. आणि मातीचा नमुना तपासायचा. खतासाठीचा नमुना आपण सावलीत वाळवतो. हा नमुना वाळवला, तर तपासणीला यायचे जीवच मरतात. मुळांजवळची ओलसर माती, मुळांसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता प्रयोगशाळेत पोहोचवा.

मित्रमैत्रिणींनो, प्रत्येक पिवळ्या रानात सूत्रकृमी नसतो. उद्या सगळीकडे तोच दिसू लागला, तर तेही फोटोवरून औषध देण्याइतकंच आंधळं ठरेल. तुमच्या पदवीवर परवाना मिळेल, दुकान उघडेल, चिठ्ठी लिहायचा अधिकारही येईल. त्या चिठ्ठीवरचा प्रत्येक रुपया कुणाच्या तरी उधारीतून येतो. म्हणून येत्या खरिपात एक शिस्त पाळा. पीक फुलोऱ्यात आलं की आपल्या रानात, शेजाऱ्याच्या रानात दहा ठिकाणी खणा, मुळं धुवा, जे दिसेल ते वहीत मांडा. निदान लागलं नाही, तर "नमुना पाठवू, मग सांगतो" म्हणायला लाजू नका. एखाद्या वेळी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या. ज्याची फुकट जाणारी फवारणी तुम्ही वाचवली, तो पुढच्या वर्षी पेरणीआधी तुमच्याकडे येईल, आणि खरा सल्ला द्यायची वेळ तीच असते.