तारेचं नेटवर्क: कार्ड आणि जोडणीची तपासणी
संगणकाच्या तारेच्या नेटवर्कची तपासणी केबल खोचतात त्या पोर्टपासून सुरू होते. पोर्टजवळचा दिवा पेटत नसेल, तर सेटिंग चाळण्यात अर्थ नसतो. आधी केबल आणि राउटरचं पोर्ट बदलून पाहावं. टोकाची प्लॅस्टिकची खिटी तुटलेली केबल नीट बसल्यासारखी दिसते, पण जरा धक्का लागला की सुटते.

केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या चारच पुरतात, १ गिगाबिटला मात्र आठही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली, तर नेट बंद न पडता नुसतं मंदावू शकतं, आणि बोल लागतो तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीला. विंडोजमध्ये हा वेग जोडणीच्या ‘स्टेटस’मध्ये दिसतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळी खूण असेल, तर ड्रायव्हर नव्याने टाकावा. मग कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असं समजावं. पत्ता ठीक असल्यास राउटरला पिंग करावं. बाहेरचा आकडी पत्ता उत्तर देतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, अशा वेळी डीएनएसची सेटिंग पाहावी. पूर्वी कुणीतरी हाताने भरलेला जुना पत्ता तिथे कधी कधी तसाच राहिलेला असतो.