हवा जाळाला की खोलीला?

मी कोलकात्यातल्या बागबाजारातून बोलतोय. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे, गलाईवाले. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात. कोळसा नुसता पेटवून तेवढी आच येत नाही. खालून ब्लोअरची हवा दिली की तो फुलतो आणि मुशीतल्या सोन्याचं पाणी होतं.

एकदा डिसेंबरात, थंडी म्हणून दार लावून मी भट्टी चालवली. डोकं गरगरायला लागलं. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. शेजाऱ्यानं दार उघडलं म्हणून वाचलो.

त्यामुळे टोरांटोहून लेकीनं विचारलं, "बाबा, गॅसच्या फायरप्लेसला ब्लोअर बसवू का? ऊब काचेपुढेच राहते," तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. मग तिनं व्हिडिओवर दाखवलं. तिच्याकडची ज्योत काचेआड बंद आहे. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते, धूरही बाहेर जातो. ब्लोअर ज्योतीला वारा घालतच नाही. तो पेटीखाली बसतो, खोलीतली गार हवा ओढतो, तापलेल्या पत्र्यामागून फिरवतो आणि वरच्या फटीतून खोलीत सोडतो. गॅस तेवढाच, ऊब जास्त.

मी तीनच गोष्टी सांगितल्या. त्याच मॉडेलला चालणारा ब्लोअर घे. गॅस बंद करून, पेटी पूर्ण गार झाल्यावर जाणकाराकडून बसवून घे. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव.

मंडळी, विस्तवाजवळ पंखा लावण्याआधी एवढंच विचारा: ही हवा जाळाला जाणार, की खोलीला?